पार्कच्या दारातलं हॉटेल

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर नणंद-भावजय अम्युझमेंट पार्कच्या सहलीसाठी मोबाइलवर हॉटेलं बघत बसल्या होत्या. नणंद वयानं बरीच मोठी होती.

“अगं, हे पार्कच्या दारातच आहे. हेच घेऊ.”

“तिथे खोलीत शेगडी नाही, ताई. हे दुसरं बघा. फ्रिजसुद्धा आहे.”

“पण ते पार्कपासून तासभर लांब!”

“असू दे हो. माझी धाकटी तिन्ही मुलं दुपारी खोलीवर झोपतील, तुम्हालाही निवांतपणा मिळेल.”

“मला कशाला निवांतपणा? मला आकाशपाळण्यात बसायचंय. तुझ्या नवऱ्यानं कबूल केलंय.”

“ते बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील.”

“म्हणजे?”

“तुमचं पार्कचं तिकीट काढलेलं नाही, ताई.”

नणंदेनं मोबाइल तिच्या हातात ठेवला.

“मग शेगडीवालंच घे. मी येत नाही.”

“अहो, असं काय करता? मग मुलांना कोण सांभाळणार?”