उठेल तो सेक्रेटरी

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त व्याकरणशिक्षक बसले होते. त्यांच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ हातात रजिस्टर घेऊन धापा टाकत आत आले.

"गुरुजी, दात दुखतोय?"

"छे! आज सोसायटीची मीटिंग ना, म्हणून इथे लपलोय. गेल्या वर्षी पाणी प्यायला उठलो, तर मला सेक्रेटरी केलंत."

"नाही म्हणायचं होतंत!"

"करणं, नेमणं, निवडणं, ठरवणं! जन्मभर शिकवलीत ही क्रियापदं. 'आम्ही गुरुजींना सेक्रेटरी केलं.' आम्ही करून मोकळे, गुरुजी बसलेत वर्षभर टाकी धुऊन घेत! त्यांना विचारलं कुणी?"

"म्हणून आज आलाच नाहीत?"

"आलोच नाही, तर उठणार कुठून?"

"बरोबर. उठणाऱ्याला आपण सेक्रेटरी करतो."

"आणि न येणाऱ्याला?"

"इथे सही करा, अध्यक्ष."