डोक्यावरचा क्रूस

नाही नाही, यॉरिसशेठ, क्रूस काढायला वेळ किती लागतो — शेंदरी रंगाचे दोन फटकारे, एक उभा, एक आडवा, झालं — पण वेळेचा प्रश्नच नाही ना इथं. बसा. हे बघा तुमचे थोरले भाऊ, वेदीवरच्या चित्राच्या डाव्या झडपेवर, गुडघे टेकून, हात जोडून. लीव्हेनशेठनी समोर बसून स्वतःचं चित्र काढून घेतलंय. मठातले बाबा शेजारी उभे राहून सांगत होते — इथं लिलीची फुलं घाला, म्हणजे मरियेचं पावित्र्य. तिथं पाण्याचा घडा, म्हणजे पुन्हा तेच. मेणबत्ती एकच जळती ठेवा, म्हणजे देव हजर आहे. आणि तुमचे भाऊ म्हणाले, सगळं घाला, फक्त माझ्या नाकावरची चामखीळ गाळू नका, देवानं ओळखलं पाहिजे. घातली चामखीळ.

आता घड्याचा अर्थ नाही कळला तर कुणाचं काय बिघडतं? निम्मं ब्रुज शहर घडा बघून म्हणतं, घडा छान जमलाय. पण माणसाच्या डोक्यावर छोटासा क्रूस काढला की शेंबड्या पोरालाही कळतं, हा गेला. चौदा महिने झाले, जहाज मीठ आणायला गेलं ते परतलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. बुडालं म्हणता — कुणी पाहिलं? तुम्ही? नाही ना. वहिनींना विचारलंत? त्या दर गुरुवारी येतात इथं. चामखिळीकडे बघत बसतात, मग उठून जातात. उद्या त्यांना वर क्रूस दिसला तर काय सांगू मी — धाकट्या दिरांना थोरल्यांची देवळातली मानाची जागा हवी होती म्हणून?

रागावू नका. मी नाही म्हणत, लोक म्हणतात. बरं, मीही म्हणते.

एकदा काढलाय मी असा. कुणाच्या काय — माझ्याच नवऱ्याच्या, गिलिसच्या. चिताऱ्यांच्या संघाची वेदी आहे ना, तिच्यावरच्या चित्रात सगळे कारागीर रांगेनं आहेत, त्यात तो तिसरा. कोलोनला गेला कामासाठी, दोन वर्षं पत्ता नाही. आणि संघाचा नियम तर तुम्हाला माहीत आहे — बायकोला कारखाना चालवता येत नाही, विधवेला येतो. ते चित्र साफ करायला माझ्याकडेच आलं होतं. काढला क्रूस. संघाच्या पंचांनी पाहिला, टोप्या काढल्या, त्याच्या आत्म्यासाठी देवळात मिस्सा ठरवली. एकानं विचारलं नाही, बातमी कुणी आणली — चित्रात आहे म्हणजे मेलाच असणार! मीही काळे कपडे घातले. रडले. चांगलं रडू आलं.

आणि मिस्सेच्या दिवशीच तो आला. मला नाही दिसला, मी पुढच्या रांगेत. मेणबत्त्या विकणाऱ्या मार्ग्रीटनं पाहिला — दाराशी उभा, बूट फाटलेले, काखेत एक गाठोडं. वर बघितलं, आपलं तोंड ओळखलं, त्यावरचा क्रूस बघितला. तिच्याकडून एक मेणबत्ती घेतली, स्वतःच्याच नावानं लावली, आणि निघून गेला. घरी आला नाही. मार्ग्रीटनं सांगितल्यावर मी तीन दिवस सगळ्या वेशी धुंडाळल्या. मग चाकूनं क्रूस खरवडला — संघाला सांगितलं, ओल आली होती, पुन्हा काढते — पण खरवडून काय उपयोग, तो वाचून गेला होता ना. नऊ वर्षं झाली.

असे काय बघताय?

हां. खरंय. मी विधवा नाही — निदान कुणी तसं कळवलेलं नाही. आणि पंच तुमच्या पंगतीला असतात, तेही खरंय. हे बोलायचं नव्हतं मला. गेलं तोंडातून. सांगा त्यांना जाऊन, घेऊ देत कारखाना काढून, दुसऱ्या कुणाला तरी द्या मग हे काम. पण ही झडप माझ्या चित्राच्या घोडीवर आहे तोवर तुमचे भाऊ जिवंत आहेत.

तिकडून नाही, ते स्वयंपाकघर. पुढच्या दारानं जा. आणि दार आपटू नका — मरियेचा चेहरा अजून ओला आहे, धूळ बसते.