सोमवारचा रोलर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक माननीय डॉक्टर व्हीडमायर साहेब. व्यासपीठावर उपस्थित असलेल्या आपल्या नगराध्यक्षा माननीय अ‍ॅनेग्रेटबाई श्टोल. छपाईची यंत्रं बनवणारे आपले जुने ग्राहक आणि आजचे पाहुणे माननीय इल्ग साहेब. आणि माझ्या भाषणामुळे ज्यांचं बटाट्याचं सॅलड खोळंबलंय, ते माझे सर्व सहकारी बंधुभगिनी हो,

निरोपाच्या भाषणात जाणाऱ्यानं डोळे पुसायचे असतात. माझा तसा विचार नाही. अध्यक्षांनी मघाशी माझ्याबद्दल इतकं गोड बोलून घेतलं, की मला वाटलं, ही हेडविग क्नॉल कोण बुवा, भेटायला हवं हिला एकदा! गुणवत्ता तपासणीची प्रमुख म्हणून मी कारखान्याचे डोळे होते, असं ते म्हणाले. मी त्यांची आभारी आहे. आता त्या डोळ्यांना काय दिसलं, तेही त्यांनी ऐकून घ्यावं.

आजच्या निमंत्रणावर दोन निरोप छापलेत. 'श्रीमती क्नॉल आणि ग्राइंडिंग विभाग यांना कृतज्ञतापूर्वक निरोप.' पहिला मला मान्य आहे. वय झालं, गुडघे कुरकुरतात. दुसरा मला मान्य नाही, आणि तेवढंच सांगायला मी इथं उभी आहे.

आपल्याला आठवत असेल, गेल्या वर्षी इल्ग साहेबांकडून आपण घासून गुळगुळीत केलेले छपाईचे रोलर परत यायला लागले. हात फिरवला तर गुळगुळीत. उजेडात तिरपे धरले की अंगावर बारीक लहरी. त्या लहरींचे छपाईत पट्टे उमटत. इल्ग साहेबांचा फोन आला, "बाई, चॉकलेटच्या वेष्टनावर आमच्या यंत्रानं गाय छापायची असते, झेब्रा नाही!" (हसा, हसा. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.)

लहरी उठल्या म्हणजे मशीनमध्ये काहीतरी थरथरतंय, हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. पण काय थरथरतंय? आम्ही ग्राइंडिंगचा दगड बदलला, नरम जातीचा बसवला. हिऱ्यानं त्याचं तोंड पुन्हा पुन्हा घासून घेतलं. बेअरिंग तपासली, मोटरचे पट्टे बदलले, हादरे तिचे असतील म्हणून शेजारची प्रेस बंद ठेवून पाहिली. काही उपयोग नाही. मग बाहेरचे सल्लागार आले. त्यांनी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, कॉफी प्याले आणि निकाल दिला: मशीनचा पायाच झिजलाय, विकून टाका, काम बाहेर द्या. अध्यक्षांना तो निकाल पटला. त्या जागेवर काचेचं प्रदर्शनदालन उभारायचं ठरलं.

आणि ठपका कुणावर? मशीन चालवणाऱ्या गेबहार्ड राप यांच्यावर. कारण परत आलेला एकूण एक रोलर सोमवारचा. मग याच कँटीनमध्ये टोमणे सुरू झाले. "काय गेबहार्ड, रविवारची बिअर अजून उतरली नाही वाटतं?" "अहो, रोलर नाही, त्यांचे हातच हेलकावे खातायत!" चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा, गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा हा माणूस. त्यानं इथं जेवायला येणंच सोडलं. मशीनच्या आडोशाला उभ्यानं पाव खायचा. मला आपल्या सगळ्यांची लाज वाटली, आणि रागही आला.

कारण सोमवारी वाईट निघत होते ते फक्त सकाळचे रोलर. दुपारनंतरचे स्वच्छ. मला सांगा, अध्यक्ष महाशय, मशीनचा पाया सोमवारी सकाळी झिजतो आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा भरून येतो की काय?

म्हणून एका शुक्रवारी सुटीच्या वेळी मी तिकडे गेले. पाहते तर गेबहार्ड पाण्याची नळी घेऊन मशीनला अंघोळ घालतायत! दगड थांबलेला, आणि त्याच्यावर पाण्याची धार. मी ओरडले, "गेबहार्ड, पाणी बंद करा!"

"अहो, मागची बाजू राहिलीय अजून."

"तुमचा दगड पाणी पितोय!"

"पिऊ दे की. निदान स्वच्छतेत तरी कुणी मला नावं ठेवायला नकोत."

मंडळी, त्या दगडाच्या अंगात बारीक भोकं असतात. नळीचं पाणी आत मुरायचं, शनिवार-रविवार हळूहळू खाली उतरायचं आणि खालच्या अर्ध्या भागात साठायचं. सोमवारी सकाळी दगड एका बाजूनं जड. फिरायला लागला की थरथरायचा, आणि ती थरथर रोलरवर उमटायची. दुपारपर्यंत पाणी उडून गेलं की दगड पुन्हा ताळ्यावर. एवढंच! उपाय काय? सुटीच्या आधी घासताना दगडावर सोडतो ते पाणी बंद करायचं, दगड नुसता फिरू द्यायचा म्हणजे पाणी झटकलं जातं. मग मशीन कोरड्या फडक्यानं पुसायचं. नळी लावायची नाही.

हे ऐकून गेबहार्ड माझ्यावरच उखडले. "म्हणजे मशीन असं बरबटलेलं ठेवून मी घरी जाऊ? जिना झाडायच्या पाळीची पाटी आमच्या दाराला लागली, की आमची बायको जिन्याच्या कठड्याची खालची बाजूसुद्धा पुसून काढते. आणि मी हे असं टाकून जाऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

चूक त्यांचीच होती, मी झाकणार नाही. पण ती कसली चूक? आपण स्वाबियातली, स्वच्छतेचं वेड असलेली माणसं. पाळी आपली नसली तरी शेजाऱ्याच्या फुटपाथवरचं पान उचलतो. आणि दर वर्षी 'स्वच्छ विभागा'चा करंडक गेबहार्डच्या हातात कुणी दिला? टाळ्या कुणी वाजवल्या? अध्यक्षांनी दिला, आणि टाळ्या मीही वाजवल्या. मग ठपका एकट्याच्या माथी का?

शेवटी ऐकलं त्यांनी. पण मशीन घाणेरडं राहिलं म्हणून जीव थाऱ्यावर नाही. शनिवारी फडकं घेऊन फाटकाशी हजर! पहारेकऱ्यानं हाकललं, "घरी जा हो, गेबहार्ड, ट्रॉम्बोन पुसा!" आणि सोमवारी पहिला रोलर निघाला, तो उजेडात धरून मी किती वेळ फिरवत राहिले. एक लहर नाही. गेबहार्ड म्हणाले, "आता बोला म्हणावं बिअरबद्दल." आणि पाठ फिरवून रडले. हो, रडले.

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "फार छान, श्रीमती क्नॉल. पण निर्णय झालाय." काचेचं दालन महत्त्वाचं. धडधाकट मशीन, त्याच्यावर पोट असलेली माणसं, हे सगळं झालेल्या निर्णयापुढे किरकोळ! साहेब, आपल्याबद्दल मला आदर आहे. या निर्णयाबद्दल मुळीच नाही.

आपल्याकडे निरोप शुक्रवारी देतात. मी हट्टानं सोमवार मागून घेतला. आज सकाळी इल्ग साहेबांना मी थेट मशीनपाशी नेलं. सोमवारचा पहिला रोलर त्यांनी स्वतः खिडकीशी नेऊन पाहिला. त्यांना वर्षभराचे रोलर याच मशीनवरचे हवेत. दुसरीकडून करून आणलेले ते घेणार नाहीत. ते समोरच बसलेत. मी खोटं बोलत असेन तर त्यांनी आत्ता उठून सांगावं.

… नाही उठले. आपण पाहताच आहात.

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी आहे. सत्कार गेबहार्ड यांचाही होता. ते येणार नाहीत, ते आत्ता मशीन चालवतायत. आज दिवस संपेपर्यंत मी या कारखान्यात अधिकारी आहे, आणि माझा हुकूम असा आहे की एक रोलर उतरला की लगेच दुसरा चढवायचा. चालतं मशीन उचलून न्यायची कुणाची छाती असेल, तर त्यानं आधी इथं येऊन, या माइकवर, या सगळ्यांच्या तोंडावर तसं सांगावं. मी बाजूला होते.

आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आज एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आणि एक विनंती. मशीन न्यायला आलेला ट्रकवाला सकाळपासून अंगणात उभा आहे, त्याचा काही दोष नाही. त्याला आत बोलवा, पोटभर जेवू घाला, आणि रिकामा परत पाठवा.