पाचवी सुई

इंजेक्शनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

"ताई, दारूनं पोट बिघडतं हे ऐकलं होतं. पाय कसे लटपटतात?"

"अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपलं म्हणून. डॉक्टर सांगत होते तेव्हा झोपला होतास का?"

"मग गोळी द्यायची ना!"

"दारूनं बिघडलेल्या तुझ्या पोटातून गोळी अंगात उतरत नाही म्हणाले. जन्मभर कपड्यांना सुया टोचल्यास, आता स्वतःला टोचून घे. काल चौथ्या सुईला तर एवढा ओरडलास की नर्सबाई दचकल्या."

"मला नाही आठवत."

"सोयीचं तेवढं बरं विसरतोस!"

"सोयीचं नाही गं. परवा गिऱ्हाईकाचं माप घेतलं आणि वहीत लिहीपर्यंत विसरलो. तीनदा घेतलं. तो हसला, मला घाम फुटला."

बहिणीनं त्याची वळलेली कॉलर सरळ केली.

"ताई, हे सगळं परत येईल ना?"

"बाटली सुटली तर बरंचसं येईल म्हणाले."

"सुटलीय. बारा दिवस झाले."

"नऊ."

"बघ, विसरलो."

"विसरतानासुद्धा तीन दिवस वाढवून घेतोस, लबाडा! ऊठ, आपला नंबर आला. हात धरू?"

"धर. आणि आत गेल्यावर सोडू नकोस."