हार घातलेली पेटी

(बाळांनो, जरा डोळे मिटून बघा. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून एक सात मजली सोसायटी आहे. मागच्या अंगाला डिझेलचा जनरेटर, त्याच्या धुराच्या पाइपावर एक लोखंडी पेटी आणि पेटीवर झेंडूचा वाळलेला हार. वरच्या खिडकीत पाच वर्षांचा अभिनव खोकतोय. खाली तिघं बोलतायत: अभिनवची सहावीतली बहीण रीमा, सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषराव आणि उत्तनला होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेले शेजारचे रामनाथ आजोबा. वीज आत्ताच परत आलीय, जनरेटर नुकताच बंद झालाय.)

सुभाषराव : हा बघ रुमाल! दहा मिनिटं पाइपासमोर धरला होता. आहे एक तरी डाग? तुझा भाऊ आइस्क्रीम खाऊन खोकतोय.

रीमा : त्याने आइस्क्रीम खाल्लंच नाही, काका. जनरेटर लागला की त्याला खोकला येतो. काल डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिलाय.

सुभाषराव : वा, डॉक्टरीणबाई! रामनाथभाऊ, तुम्ही शिकवून पाठवलंय वाटतं हिला?

रामनाथ : मी कशाला शिकवू? नाक हाय तिला. तुम्हांला न्हाय, ती गोष्ट वेगळी.

सुभाषराव : अहो, ही साधी पेटी नाही. आत ॲक्टिव्हेटेड कार्बन आहे, इम्पोर्टेड! धुरातला नायट्रोजन ऑक्साइड शोषून घेतो. तुमच्या होडीला होतं का असलं काही?

रामनाथ : न्हवतं. म्हणून आम्ही छाती पण फुगवली न्हाय.

रीमा : पण आजोबा, रुमाल खरंच पांढरा आहे.

रामनाथ : काजळी पेटीच्या जाळीत अडकते गो. हा वायू रुमालावर दिसत न्हाय, छातीत जाऊन बसतो. रुमालाला दमा झालेला कधी बघितलास?

रीमा : मग कार्बन काय करतो?

रामनाथ : उत्तनला बोंबील वाळत घालतात, ती बांबूची वलांडी आठवते ना? कार्बनच्या एकेका दाण्यात डोळ्यांना दिसणार न्हाय अशी लाखो भोकं असतात. वलांडीवर बोंबील टांगावा, तसा वायू तिथं चिकटतो. आता सांग, वलांडी भरली तर पुढचा बोंबील कुठं टांगशील?

रीमा : कुठेच नाही. आधीचे उतरवावे लागतील.

रामनाथ : बघा सेक्रेटरी, पोरीला एका दमात कळलं.

सुभाषराव : मला शिकवू नका. पेटीची काळजी घेतो आम्ही. दर दसऱ्याला हार, हळदकुंकू, नारळ!

रीमा : आणि कार्बन कधी बदलता?

सुभाषराव : पूजा केलेली वस्तू उघडायची नसते.

रीमा : म्हणजे कधीच नाही?

सुभाषराव : तीनच तर दसरे झालेत.

रामनाथ : झाकणावर काय लिवलंय ते वाच गो.

रीमा : कुंकवाखाली आहे. पुसते हं. "दर तीन महिन्यांनी कार्बन बदलावा."

रामनाथ : नारळ फोडायला तिथवर गेलात आणि चार शब्द वाचता आले न्हाय? अहो, पेटीपेक्षा तुमचा रुमाल बरा. तो निदान धुता तरी.

सुभाषराव : बरं, बरं! डिसेंबरच्या सभेत घेऊ विषय. तोवर आईला सांग, खिडकी बंद ठेव म्हणून.

रीमा : आम्हाला तीच एक खिडकी आहे, काका.

सुभाषराव : मग उघडी ठेवा! पेटी चालतेय, मी सांगतोय ना? एकदम शुद्ध हवा आहे इथली.

रीमा : एकदम?

सुभाषराव : एकदम!

रीमा : मग उद्याची तुमच्या सात जणांच्या कमिटीची मीटिंग इथेच घ्या ना. उद्या दिवसभर वीज नाही, जनरेटर चालूच राहणार.

सुभाषराव : इथे? पाइपाखाली? डोकं फिरलंय का? धुरात कोण बसेल?

रामनाथ : आत्ता तर शुद्ध होती.

सुभाषराव : तुम्ही गप्प बसा हो! आणि ही पोरगी कुठे पळाली?

रामनाथ : क्लब हाऊसकडं. ती बघा, आली.

सुभाषराव : ए, खुर्ची कुठे आणतेस ती?

रीमा : ही तुमची, काका. अजून सहा आणायच्यात.