लिफ्टबाहेरच्या चपला

गुलमंडीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर बराच मागं होता. शेजारच्या बाकावर देवगाव रंगारीचे एक बाबा बसले होते. त्यांच्याच गावची, आता शहरात राहणारी बाई त्यांना ओळखून जवळ येऊन टेकली.

“सखारामदादा, परवा तुमच्या पोराला, अभयला टीव्हीवर पाहिलं. रात्री उशिरा लागतो ना हसायचा कार्यक्रम, त्यात.”

“पाहिलं व्हय?”

“आमची नात तर हसून हसून लोळली. त्यानं केलेला तो म्हातारा लिफ्टच्या बाहेर चपला काढून आत शिरतो, अन् लिफ्ट जाती वर!”

“तो म्हातारा मीच हाय, रत्नमाला.”

“काय सांगता!”

“त्याचं कॉलेजात नाव घालायला आलतो. लिफ्टमधी चकाचक फरशी, मोठा आरसा. म्हटलं, चपला घालून आत कसं जावं? पाचव्या मजल्यावरून खाली येतो, तर चपला गायब.”

“पण टीव्हीत तर सापडत्यात. अन् दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाहेरच काढतो.”

“ते त्यानं मनचं जोडलं.”

“मंग खरं काय झालं?”

“अभयनं पायातले बूट काढून मला घातले. नवेच होते. मला आखूड व्हायचे, टाचा बाहेर राहायच्या. अन् तो नुसत्या मोज्यांवर स्टँडपर्यंत चालत आला. लई ऊन होतं, डांबर तापलं होतं.”

“मंग हे का नाय दाखवलं त्यानं?”

“हसायचा कार्यक्रम हाय, बाई. त्यात हे कुठं बसवणार?”