आईचे संध्याकाळचे निरोप

हॅलो? … हो, बोल मावशी.

… नाही, घरी नाही. क्लिनिकच्या जिन्यात आहे. आत बसवेना. तो फ्रेशनरचा गोड वास आणि भिंतभर बाळांचे फोटो.

… हो, सांगितलं डॉक्टरीणबाईंनी, आत्ताच. … काही नाही उरलं. लॅबमध्ये एकही गर्भ वाढला नाही. आज आत ठेवायचा होता, पण ठेवायला काही नाहीच.

… हो, हो… अगं ऐक ना. रडत नाहीये मी. … जावईबापू तुझे खाली आहेत. गाडी काढतो म्हणून गेलेत. इथून दिसतंय मला, गाडीला टेकून सिगरेट ओढताहेत. … हो, सोडली होती ना, तीच. डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर म्हणाल्या, तुमच्या बाजूनंही फरक पडतो. त्यांनी मान हलवली. मान छान हलवतात.

… क्वालिटी. माझ्या स्त्रीबीजांची क्वालिटी चांगली नव्हती. भाजी निवडताना बोलावं तसं बोलतात गं.

… विचारलं ना, कशानं ते. सगळ्यात आधी वय, म्हणाल्या. एकोणचाळीस. मग ती डाव्या बाजूची गाठ, तिचं ऑपरेशन. घरातला धूर. … नाही, तुझ्या नणंदेच्या हिरव्या पावडरीचं नाव नाही काढलं त्यांनी. अख्खा डबा संपवला मी. शेवाळ गिळल्यासारखं.

… आणखी एक विचारलं. वाईट बातमी कळली, चार दिवस रडलं, तर बीजं बिघडतात का.

… का म्हणजे? तुम्ही सगळे तेच म्हणत होतात ना. … बघतच राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, बीज कितीतरी महिने आधीपासून तयार होत असतं, चार दिवसांच्या रडण्यानं बिघडतं याला काही पुरावा नाही. आई इतकी आजारी आहे हे सांगितलं असतंत, तर पुढच्या महिन्यात केलं असतं, म्हणाल्या.

… हो. एवढंच.

… माहितीय, माझ्या भल्यासाठी. आईला साधा खोकला आहे म्हणालात, भल्यासाठी. बीजं काढायच्या आदल्या दिवशी ती गेली, आणि मला सांगितलंत बीजं काढून झाल्यावर. शेवटचं तोंडही पाहू दिलं नाहीत, भल्यासाठी.

… ओरडत नाहीये. थांब, एक सांग. दादा काल बोलून गेला, आई दुपारी गेली. … दुपारीच ना? मग त्याच संध्याकाळी मला तिचा आवाज कसा आला? … व्हॉइस मेसेज, मावशी. 'जेवले गं, आता पडते. तूही जेव.'

… बोल ना, कोणी पाठवला तो?

… आधीच रेकॉर्ड केलेला? … म्हणजे एकदाच बसवून सगळं बोलून घेतलंत तिच्याकडून? … आणि रोज संध्याकाळी एकेक. … शी.

… नाही, शीच. ती तिकडे थंड पडलेली, आणि तू तिच्या फोनवरून मला जेव म्हणतेस. जेवले गं मी. ती म्हणाली म्हणून परत वाढून घेतलं.

… सॉरी नको म्हणूस. किळस येतेय मला. तुमची, माझ्या पोटाची, सगळ्याचीच. खुराड्यातल्या कोंबडीला जपावं तसं जपलंत मला.

… कोणाच्या डोक्यातून निघालं हे? दादाच्या? … मग तुझ्या?

… काय?

… आईच्या?

… अगं, पण धाप लागत होती ना तिला? … ऑक्सिजनचा मास्क काढून. … एकेक वाक्य. … आणि फोन तू धरलास. … रडू नकोस. मावशी, मला आत्ता कोणाचं रडणं… बरं, रड.

… तरीही किळसवाणंच आहे ते. तिनं केलं म्हणून काही कमी होत नाही. … हो, तिचाही राग आलाय. तिचाच जास्त.

… अजून? अजून आहेत? … दोन. … कसले दोन?

… आजच्यासाठी. … एक, गोड बातमी असली तर. आणि एक, नसली तर.

… नको. काय म्हणाली ते सांगू नकोस.

… खालून हॉर्न वाजतोय. वाजू दे. त्या धुरात बसून नाही ऐकायचं मला. इथेच ऐकते, पायरीवर.

… नाही, दोन्ही नकोत. दुसरा पाठव. … हो, नसली तर, तो. … पहिला पुसू नकोस. राहू दे तिच्या फोनमध्ये. … आणि चार्ज करत जा तो.

… ठेवते मी. आता मध्ये तू काही बोलू नकोस. पाठव.